अहिल्याचं फ्रेंच

अहिल्या चिडली की भांडी आदळत नाही, आवाज चढवत नाही, अबोलाही धरत नाही. ती सांगितलेलं ऐकते. शब्दन् शब्द ऐकते आणि तसंच वागते. हे मला कळायला फ्रान्समधल्या एका खोऱ्यापर्यंत जावं लागलं.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सांता क्लाराला ती आमच्या पलीकडच्या गल्लीत राहते. रविवारच्या मराठी शाळेत ती लहान मुलांना अक्षरं शिकवते आणि मी हजेरी, खाऊ आणि रडारड सांभाळते. इथं जन्मलेल्या मुलांना ‘ळ’ म्हणताना जीभ कुठं न्यायची ते समजत नाही. अहिल्या पर्समधून एक छोटा गोल आरसा काढते, मुलाच्या तोंडापुढं धरते आणि म्हणते, बघ, जीभ कुठं चाललीय. थोड्या वेळात मूल ‘बाळ’ म्हणायला लागतं. ही युक्ती कुठं शिकलीस, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, फ्रेंचच्या वर्गात.

पुण्यात ती फ्रेंच शिकवायची. एम. ए. केलं होतं, एका कॉलेजात तास घ्यायची, संध्याकाळी घरी शिकवण्या. मग उल्हासशी लग्न झालं आणि ती डिपेंडंट व्हिसावर इथं आली. त्या व्हिसावर काम करता येत नाही. आरोही झाली, ती पहिलीत गेली, तेव्हा कुठं अहिल्याला काम करायची परवानगी मिळाली. जवळच्या एका खाजगी शाळेत फ्रेंचची जागा होती. ती मुलाखत देऊन आली, मुलांचा एक तासही घेऊन आली आणि फोनची वाट बघत बसली. फोन आला नाही. पुण्याचं फ्रेंच इथं चालत नाही असं ती धरून चालली आणि तिनं पुन्हा कुठं अर्ज केला नाही.

उल्हास तसा वाईट माणूस नाही, असं अशा वेळी लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. तो चारचौघांना हसवतो, आणि दर वेळी कुणाला तरी धरून हसवतो. मला तो ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतो, कारण माझ्या खांद्यावर कायम एक पर्स असते आणि तिच्यात माझ्या मुलाची, कुशची, इंजेक्शनची दोन पेनं असतात. कुशला अक्रोड चालत नाही. चालत नाही म्हणजे अंगावर पित्त उठतं असं नाही. घसा सुजतो आणि श्वास अडकायला लागतो. तो बालवाडीत असताना एका वाढदिवसाच्या केकनं आम्हाला इमर्जन्सीत नेलं होतं. ती रात्र ज्यानं पाहिली नाही, त्याला पर्स विनोदी वाटणारच.

मागच्या वर्षी उल्हासची पन्नाशी झाली. घर भरलं होतं. जेवताना कुणीतरी अहिल्याला विचारलं, की तू पुन्हा शिकवायचं का नाही बघितलंस? तिच्याआधी उल्हासनंच उत्तर दिलं.

“अरे, तेव्हा फोन आला होता ना शाळेचा. मीच उचलला. म्हटलं, सॉरी, राँग नंबर. आरोहीला शाळेतून कोण पिकअप करणार होतं? मी?”

सगळे हसले. अहिल्या हातात डाव घेऊन पुलाव वाढत होती. तीही हसली. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं, की डावातला पुलाव तिनं पुढच्या ताटात न वाढता परत भांड्यात घातला.

नंतर तिनं यावर एक अक्षर काढलं नाही. मी दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा तिनं कोथिंबीर निवडत मान हलवली.

या वसंतात उल्हासच्या ऑफिसातला कुणीतरी फ्रान्सला जाऊन आला. त्याचे फोटो बघून उल्हासनं ठरवलं, की पॅरिस सगळेच करतात, आपण खेडी करू. दॉर्दोन्य नावाच्या नदीचं खोरं, कड्यांवरचे किल्ले, सातआठशे वर्षांपूर्वीची गावं. ते दोघं, कॉलेजला ॲन आर्बरला असलेली त्यांची आरोही, आणि आम्ही तिघं, मी, माझा नवरा शंतनू आणि कुश. मी घरी येऊन त्या भागाबद्दल वाचायला लागले.  ते खोरं अक्रोडांचं. अक्रोडाच्या बागा, अक्रोडाचा केक, अक्रोडाचं तेल, अक्रोडाची दारूसुद्धा. मी म्हटलं, मी येत नाही. शंतनू म्हणाला, घराबाहेर कधी पडूच नये असं मूल करायचंय का तुला? शेवटी मी राइस कुकर आणि मेतकूट बॅगेत भरलं आणि अहिल्याकडून फ्रेंचमध्ये एक कार्ड लिहून घेतलं: अक्रोड, अक्रोडाचं काहीही, या मुलाच्या जिवावर बेतेल. तिचं अक्षर इतकं गोल आणि सुरेख होतं, की लॅमिनेट करताना मला वाईट वाटलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, बॅगा दिल्यावर, उल्हासनं फोनवरचं भाषांतराचं ॲप सगळ्यांना दाखवलं आणि मग बायकोकडं वळला.

“अहिल्या, तिथं ते तुझं पुण्याचं फ्रेंच काढू नकोस हं. लोक हसतील. मी आहे ना.”

“नाही काढणार,” अहिल्या म्हणाली.

मला वाटलं, बिचारी.

सार्ला नावाच्या गावात आम्ही जुन्या वस्तीत एक घर भाड्यानं घेतलं होतं. मधाच्या रंगाच्या दगडाच्या भिंती, दगडाचीच छपरं, आणि दोन माणसं शेजारून गेली तर खांदे लागतील अशा गल्ल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही ला रोक-गाजाकला गेलो. ते गाव एका उभ्या कड्याला पाठ लावून बसलंय, पुढं नदी, मागं डोंगर, आणि मधे घरांची एकच ओळ. तिथून सपाट लाकडी बोटीत बसवून नदीवर फिरवतात. तिकिटाच्या खिडकीवरची मुलगी इंग्रजी माहितीचे हेडफोन देत होती. उल्हास म्हणाला, कशाला, मी सगळं वाचून आलोय. बोटीवरचा तरुण गाइड फ्रेंचमध्ये बोलायचा आणि उल्हास त्याच्यावरून आम्हाला मराठीत सांगायचा. गाइडनं कड्यातल्या एका भगदाडाकडं बोट केलं, उल्हास म्हणाला, तिथं धान्य ठेवायचे. गाइडनं पाण्याकडं बोट केलं, उल्हास म्हणाला, मासे.

मग गाइड काहीतरी म्हणाला आणि बोटीतले सगळे फ्रेंच लोक हसले. माझी नजर अहिल्यावर होती. तिचे ओठ हलले नाहीत, पण नाकपुड्या फुलल्या आणि तिनं पटकन तोंड नदीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

त्या संध्याकाळी उल्हासनं आमची मोठी गाडी सार्लाच्या चौकात लावली. जागा अगदी मोकळी होती. “बघा,” तो म्हणाला, “गावाच्या मधोमध, फुकट. लोकांना दिसतच नाही.” खांबावर एक पाटी होती. अहिल्या त्या पाटीखाली उभी राहून स्वेटरची बटणं लावत होती. खालपासून वरपर्यंत सगळी लावली. मग आमच्या मागून घरी आली.

सकाळी चौकात गाडी नव्हती. तिथं चीज होतं, कांद्यांच्या वेण्या होत्या, स्ट्रॉबेरीचे ढीग होते आणि माणसांची ही गर्दी. शनिवारचा बाजार. पाटीवर तेच लिहिलं होतं, की बाजाराच्या सकाळी इथली गाडी उचलली जाईल. उल्हास फोन हातात धरून या पोलिसाकडून त्या पोलिसाकडं गेला. बाजाराच्या गोंगाटात ॲपला काही ऐकू येत नव्हतं. गाडी दुपारनंतर मिळेल असं कळायलाच बारा वाजले. अहिल्या एका सावलीतल्या बाकावर बसून माझ्या कुशला चेरी खायला शिकवत होती, बी किती लांब उडतं ते बघत.

तोपर्यंत सगळ्यांना भूक लागली होती. बाजारातल्याच एका हॉटेलात बसलो. मी कार्ड पुढं केलं. तिथल्या बाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनी कार्ड वाचलं, कुशसाठी साधं ऑम्लेट आणि बटाटे वेगळ्या तव्यावर करून द्यायचं कबूल केलं आणि विचारलं, की हे इतकं छान कुणी लिहिलंय?

“ऑनलाइन मिळतं,” उल्हास म्हणाला.

अहिल्यानं पाण्याचा ग्लास उचलला.

आता उल्हासच्या शनिवाराबद्दल सांगायला हवं. आई गेल्यापासून तो शनिवार पाळतो. मांस नाही, अंडं नाही, केकसुद्धा विचारून. आणि तो सगळ्यांना सांगून पाळतो. सांता क्लारात शनिवारी कुणाकडं जेवायला गेलं की आमटीकडं बोट दाखवून विचारणारा तो एकटाच. त्या दिवशी त्यानं मेन्यूवर ‘सालाद’ हा शब्द शोधला, सगळ्यात महाग सालादवर बोट ठेवलं आणि म्हणाला, माझं सोप्पं असतं, घासफूस. हिरव्या पानांवर गरम, तपकिरी, चकचकीत कापांचा ढीग आला. उल्हासनं एक काप तोंडात टाकला. त्याचा चेहरा उजळला.

“काय मशरूम आहेत, यार. जरा चिवट आहेत, पण काय चव.”

त्यानं फोटो काढला. मग सगळं संपवलं, आणि थोडे अजून मिळतील का म्हणून खूण केली. ते आले तेव्हा अहिल्यानं ताटली स्वतः त्याच्या पुढ्यात सरकवली. मी तिच्याकडं बघितलं. ती देवापुढं नैवेद्य दाखवतात तशी शांत होती.

दुसऱ्या दिवशी कास्तेलनोला तिनं मला सगळं सांगितलं. तो किल्ला नदीच्या एका काठावर आहे आणि दुसऱ्या काठावर बेनाकचा. शंभर वर्षांच्या लढाईत एक बराच काळ इंग्रजांकडं होता आणि दुसरा फ्रेंचांकडं. एकमेकांच्या स्वयंपाकघराचा धूर दिसेल इतक्या अंतरावर ते वर्षानुवर्षं एकमेकांकडं बघत बसले होते. कास्तेलनोच्या आवारात दगडफेकीची लाकडी यंत्रं ठेवली आहेत, दुमजली घराएवढी. एका टोकाला जड पेटी, दुसऱ्या टोकाला गोफण. लोक गोफण सोडून दाखवत होते आणि पुरुषमंडळी कुशला घेऊन तिथं उभी होती. आरोही कुठंतरी तटावर फोटो काढत होती. आम्ही दोघी भिंतीवर टेकलो.

मी विचारलं, “बोटीत तो काय म्हणाला होता?”

अहिल्यानं आधी हसून घेतलं. मग म्हणाली, की गाइड म्हणाला, वरच्या वाड्यात एक सरदार राहायचा, त्याला सगळं यायचं. म्हणून तो पूल न बघता पाण्यात उतरला.

मग मी पाटीचं विचारलं. ती म्हणाली, वाचली होती. मी मशरूमचं विचारलं. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं, की ते मशरूम नव्हते. बदकाचा पेटा होता. आपल्याकडं कलेजीबरोबर मिळतो, तसा.

मला हसू आवरेना आणि भीतीही वाटली. शनिवार हा त्याच्या आईच्या नावाचा होता. मी तसं म्हटलंही. अहिल्या समोरच्या बेनाककडं बघत होती.

“माझी नोकरी माझ्या नावाची होती,” ती म्हणाली. “मी काहीच केलेलं नाही, नेत्रा. तो म्हणाला, फ्रेंच काढू नकोस. मी काढत नाहीये.”

“किती दिवस?”

“मला त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय. ‘मला कळलं नाही.’ एवढंच. लग्न झाल्यापासून एकदाही म्हणालेला नाही. ज्या दिवशी म्हणेल, त्या दिवशी मी बोलेन.”

मी कुशकडं बघितलं. तो त्या यंत्राच्या दोरीला लोंबकळायच्या बेतात होता. “आणि कुशचं काही आलं तर?”

“वेडी आहेस का,” ती म्हणाली.

खाली यंत्राची गोफण सुटली आणि दगड भिरभिरत कुरणात जाऊन पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहिल्यानंही वाजवल्या.

पुढचे दोन दिवस मी तिच्यामुळं फार मजेत काढले. उल्हासनं आम्हाला दोम गावाच्या भलत्याच वेशीतून आत नेलं. रोकामादूरला, कड्याच्या पोटात बांधलेल्या त्या देवळांपाशी, तो ‘बाहेर’ लिहिलेल्या दारातून आत शिरला आणि एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. अहिल्या दर वेळी मागं उभी राहायची, पर्सचा पट्टा नीट करत.

मग त्यानं ते शेतावरचं जेवण बुक केलं. एका टेकडीवर शेतकऱ्याचं घर, अंगणात लांब टेबलं, सगळं घरचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं होती, सरळ रांगांत, मैलोगणती. मी गाडीतच म्हटलं, मी आणि कुश इथं जेवणार नाही, डबा आणलाय. उल्हास आरशातून बघून म्हणाला, “काळजीवाहू सरकारनं मोठे निर्णय घ्यायचे नसतात.” शंतनू हसला आणि डबा गाडीतच राहिला. शंतनूच्या हसण्याचा हिशेब मी नंतर वेगळा केला, तो इथं सांगत नाही.

वाढायला एक तरुण मुलगी होती, केसांना रुमाल बांधलेली. मी तिच्या हातात कार्ड दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, कुशकडं बघितलं, आत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. मी उठत होते, तेवढ्यात उल्हासनं हात आडवा केला, मी बोलतो. टेकडीवर सिग्नल नव्हता, ॲप बंद पडलं होतं. ती मुलगी त्याच्याशी सावकाश, काळजीनं बोलली. आधी बटाट्यांकडं हात केला, मग पानांच्या मोठ्या वाडग्याकडं, मग कुशकडं. उल्हास दर वाक्याला ‘वी, वी’, म्हणजे हो, हो, म्हणत होता. ती समाधानानं निघून गेली.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

टेबलाच्या टोकाला, कुशच्या शेजारी, अहिल्यानं मान वर केली होती. ती उल्हासच्या तोंडाकडं बघत होती. आता मला वाटतं, ती त्याला संधी देत होती.

“चालेल म्हणाली. ‘पा द प्रोब्लेम.’ नो प्रॉब्लेम,” उल्हास म्हणाला, आणि वाडग्यातली पानं चिमट्यानं उचलून त्यानं स्वतःच्या हातानं कुशच्या ताटलीत घातली. “खा रे वाघा.”

कुशनं काटा उचलला. अहिल्याचा तळहात थेट त्या ओल्या पानांवर पडला. ताटली तिनं तशीच ओढून घेतली. काटा खाली वाजला.

मग ती त्या मुलीला हाक मारून बोलायला लागली. मी अहिल्याला इतकी वर्षं ओळखते, पण तो आवाज मी ऐकला नव्हता. जलद, खालचा, ठाम, मधे कुठं शोधाशोध नाही. मुलीचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले, मग तीही भराभर बोलली. आतून तिची आजी आली, पांढऱ्या ॲप्रनवर हात पुसत. अहिल्या तिच्याशीही बोलली. वाडगा गेला, टेबल पुसलं गेलं, कुशचे हात साबणानं धुतले गेले, नवीन ताटल्या आल्या. मी एका हातानं कुशचं मनगट आणि दुसऱ्या हातानं पर्समधलं पेन धरून बसले होते. 

अहिल्या माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, “पानांवर अक्रोडाचं तेल होतं. इथंच घाण्यावर काढतात. ती याला तेच सांगत होती, की बटाट्यांना काही प्रॉब्लेम नाही, पण सालाद मुलाला देऊ नका.”

 आरोही आईकडं बघत होती, जणू ती बाई तिला पहिल्यांदाच भेटत होती.

“आई, यू स्पीक फ्रेंच? लाइक, खरंच?” तिला शाळेत स्पॅनिश घ्यायला लावलं होतं, बाबा म्हणाले होते, तेच उपयोगाचं.

उल्हास लाल झाला होता. “अगं, एवढं येत होतं तर इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तू नको म्हणाला होतास,” अहिल्या म्हणाली.

तेव्हाही तो म्हणू शकला असता, मला कळलं नाही. त्यानं म्हटलं, की त्या मुलीनं क्लिअर सांगायला हवं होतं. म्हटलं, तेलात प्रोटीन कितीसं असतं, शेवटी काही झालं तर नाही ना? त्या क्षणी मला कास्तेलनोचं ते यंत्र आठवलं. उल्हासला गोफणीत कसं बसवता येईल, पाय आधी की डोकं, याचा मी जेवण होईपर्यंत विचार करत होते.

अहिल्यानं त्याला उत्तर दिलं. फ्रेंचमध्ये. आणि तिथून पुढं ती त्याच्याशी मराठीत बोललीच नाही.

पादिराकला जमिनीत एक प्रचंड विवर आहे. खाली उतरलं की काळोखात नदी आहे, आणि त्या नदीवर छोट्या बोटी. नावाडी वल्हवता वल्हवता बोलतो. अहिल्या त्याच्या जवळ बसली होती. तो सांगायचा, ती विचारायची, तो हसून पुन्हा सांगायचा. मग ती आमच्याकडं वळून मराठीत सांगायची, कुशला, आरोहीला, शंतनूला, मला: हे छत थेंबाथेंबानं झालंय, इथं आवाज बघा कसा फिरतो. उल्हास शेवटच्या फळीवर होता. त्यानं विचारलं, काय म्हणतोय? तिनं त्यालाही सांगितलं, अगदी प्रेमानं, फ्रेंचमध्ये. तो काळोखात वर छताकडं बघायला लागला.

मला वाटलं, विमानात बसल्यावर संपेल. संपलं नाही. सांता क्लाराला उल्हास विचारतो, आज काय केलंयस, ती फ्रेंचमध्ये सांगते. आमटीत मीठ कमी आहे म्हणतो, त्याचंही सविस्तर उत्तर मिळतं. ती चिडत नाही, टाळत नाही, सगळ्याला उत्तर देते. उल्हास बायकोच्या तोंडापुढं फोन धरून जेवायला लागला. आरोही मात्र ॲन आर्बरहून रोज आईला फोन करते. तिनं या सत्रात फ्रेंच घेतलंय, आणि फोनवर आरसा कसा धरायचा ते आईला विचारते. इथल्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळच्या वर्गाची जागा निघाली तेव्हा अहिल्यानं अर्जावर फक्त स्वतःचा मोबाइल नंबर दिला. सप्टेंबरपासून ती तिथं शिकवते.

गेल्या शनिवारी उल्हासनं ट्रिपचे फोटो दाखवायला सगळ्यांना बोलावलं. पन्नाशीला होती तीच मंडळी. शनिवार म्हणून सगळं शाकाहारी. अहिल्यानं पोळ्या, मसालेभात आणि मशरूमची रस्सा भाजी केली होती. ताटं हातात घेऊन सगळे टीव्हीसमोर बसले. उल्हासनं फोन टीव्हीला जोडला आणि सुरू झाला. बोटीचा फोटो आला. वर कड्यावरचा बेनाक.

“हा इंग्रजांचा अड्डा,” उल्हास म्हणाला.

मागून, भाजीचं भांडं हातात घेऊन, अहिल्या फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली. छोटंसंच. मला नावं तेवढी कळली.

“वहिनी काय म्हणतायत?” मोरेश्वरकाकांनी विचारलं. ते आमच्यात सगळ्यात मोठे.

उल्हासचा हात सवयीनं खिशाकडं गेला. फोन टीव्हीला जोडलेला होता. तो हसला. म्हणाला, ती म्हणतेय, व्ह्यू फार सुंदर होता. अहिल्यानं मान हलवली, नाही, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं सावकाश, ळ शिकवताना बोलते तसं. उल्हास म्हणाला, म्हणतेय, पाणी खोल होतं. खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. अहिल्यानं तिसऱ्यांदा म्हटलं. मग कुणीच हसेना. सगळे उल्हासकडं बघत होते. मीही बघत होते आणि मनात म्हणत होते, म्हण. म्हण ना.

 “मला कळलं नाही,” तो म्हणाला.

अहिल्यानं भांडं टेबलावर ठेवलं.

“मग मराठीत सांगते,” ती म्हणाली. “तो किल्ला फ्रेंचांचा. इंग्रजांचा समोरचा. आता पुढचा फोटो लाव.”

त्यानं लावला. सार्लातलं हॉटेल, हिरवी पानं, वर तपकिरी चकचकीत काप. उल्हासला जरा धीर आला. म्हणाला, हे मशरूम, बघा, आयुष्यात असे खाल्ले नाहीत, मी तर दुसऱ्यांदा मागवले.

“शनिवार होता,” अहिल्या म्हणाली. “आठवतंय? बाजार होता. आणि ते मशरूम नव्हते. बदकाचा पेटा होता. मला मेन्यू वाचता येत होता, पण तू म्हणाला होतास, लोक हसतील.”

 मग मोरेश्वरकाकांना ठसका लागला, कुणीतरी त्यांची पाठ चोळत हसायला लागलं आणि मग सगळी खोली हसली. उल्हासनं एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा आपल्या ताटाकडं, आणि तोही हसायला लागला. चारचौघांत दुसरं काय करणार. त्याच्या पन्नाशीला अहिल्याही अशीच हसली होती.

ती डाव घेऊन त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. भरपूर.

“खा,” ती म्हणाली. “हे खरे आहेत.”